पक्क्या कामाचा हट्ट

मी इलेक्ट्रिकल पॅनल बांधतो. तुर्भ्याच्या एमआयडीसीत तीसेक वर्षं हेच काम. या धंद्यात कामाचे प्रकार दोनच, पक्कं आणि कच्चं. वायरच्या टोकाचा लग नीट दाबला नाही, स्क्रू अर्धा फेरा कमी फिरला, तर आज नाही पण सहा महिन्यांनी टर्मिनल तापणार, काळं पडणार आणि गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करणार. त्यामुळे 'सध्यापुरतं करून घेऊ' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरातला नळ असो की चपलेचा अंगठा, एकदाच काय तो खर्च करायचा आणि मग वर्षानुवर्षं तिकडे बघायचं नाही, हा माझा खाक्या.

दातांबद्दलही माझी अशीच दोन ठाम मतं होती. पहिलं असं की दात दुखला तरच डॉक्टर. दिसण्यासाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे थेर. दाखवायचे दात वेगळे ठेवायला आपण काय हत्ती आहोत? दुसरं मत असं की करायचंच झालं तर काम पक्कं करावं, म्हणजे सरळ कॅप बसवावी. चिकटवाचिकटवीवर पैसे घालवू नयेत. यातलं एकही मत आता माझ्याकडे उरलेलं नाही. दुसरं आधी गेलं, पहिलं जायला वेळ लागला.

आमच्या पिढीच्या पुष्कळ वायरमनांच्या पुढच्या दाताला खाच असते. पॅनलच्या आत दोन्ही हात गुंतलेले, स्ट्रिपर खाली ट्रेमध्ये पडलेला. मग दीड स्क्वेअरची वायर दातात धरायची, चावून इन्शुलेशनला चीर पाडायची आणि झटक्यात ओढायची. सेकंदाचं काम. नव्या पोराच्या दाताला खाच पडली की तो वायरमन झाला, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. शिंप्यांच्या दातांना दोऱ्यानं आणि टाचण्यांनी, चांभारांच्या दातांना खिळे धरून धरून अशाच खाचा पडतात आणि दातांच्या पुस्तकांत त्यांची रीतसर नोंद असते, हे मला फार उशिरा कळलं. माझी खाच वरच्या डावीकडच्या पुढच्या दाताला होती, अर्धचंद्रासारखी, वायर बरोबर बसेल एवढी. खाचेबाहेरचा कोपरा वर्षानुवर्षं बारीक होत गेला आणि एकदा चिक्की खाताना तुटला. दुखलं काही नाही, पण धार राहिली. बोलताना ओठाला लागायची, आणि 'स' म्हटलं की बारीक शिट्टी वाजायची. वर्कशॉपमधल्या पोरांना आयतंच साधन मिळालं.

तुर्भे गावातल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर पोरसवदा, माझ्या मुलीहून दोन-चार वर्षांनीच मोठी असेल.

"कॅप बसवून टाका," मी बसल्या बसल्या सांगितलं. "काम पक्कं करा, पैशाचं बघू."

तिनं माझ्या हातात आरसा दिला. "काका, तुटलाय एवढासा कोपरा. आणि कॅप बसवायची तर मला घासावा लागेल एवढा." तिनं कागदावर दात काढला आणि चारी बाजूंनी रेघा मारत आत आत गेली. मध्ये उरला तो खुंट. "बाकी सगळा चांगला दात आहे हो. बाँडिंगनं भागेल."

बाँडिंग म्हणजे काय हेही तिनं सांगितलं. दाताच्या रंगाचं रेझिन तुटक्या भागावर थराथरानं चढवायचं, प्रकाशानं घट्ट करायचं, घासून आकार द्यायचा. दात घासायचा जवळजवळ नाहीच. किती टिकेल विचारलं, तर म्हणाली, पाच-सात वर्षं. मध्ये एखादा टवका उडाला तर तेवढंच दुरुस्त करायचं. मी मनात म्हटलं, झालं, ही आपल्याला दर पाच वर्षांनी दारात उभं करणार. 'विचार करून सांगतो' म्हणून उठलो.

मला माझ्या बाजूचं मत हवं होतं. नेरूळला दोन डेंटल कॉलेजं आहेत, डी. वाय. पाटील आणि तेरणा. तुर्भ्याहून पनवेलच्या गाडीत बसलं की जुईनगर आणि मग नेरूळ. कॉलेजात शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जातो, पण पैसे कमी लागतात आणि समजावून सांगायला कुणी कंटाळत नाही. त्यातल्या एका कॉलेजात पुढचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलानं माझा दात पाहिला आणि तुर्भ्याच्या डॉक्टरबाईंचंच म्हणणं पुन्हा ऐकवलं. वर आकडाही दिला. २००२ साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी पुढच्या दातांच्या प्रतिकृतींचं घासण्याआधी आणि घासल्यानंतर वजन करून पाहिलं होतं. पूर्ण कॅपसाठी हिरडीबाहेरच्या दाताचा साठ ते सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जातो असं त्यात निघालं. आणि गेलेलं एनॅमल परत येत नाही. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज. पण तो बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येताच संपतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, एनॅमलचं तसं नाही.

तरी मी हटलो नव्हतो. विचारलं, "पण हे चिकटून राहतं कशावर? दात तर काचेसारखा गुळगुळीत."

"फॉस्फोरिक ॲसिड लावून," तो म्हणाला, आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

फॉस्फोरिक ॲसिड आमच्या घरचं. पॅनलचा पत्रा रंगायच्या आधी सेव्हन टँकमधून जातो. आधी तेलकटपणा काढायचा, मग पाणी, मग गंज काढणारं ॲसिड, मग पाणी, मग फॉस्फोरिक ॲसिडाचं फॉस्फेटिंग, पुन्हा पाणी आणि शेवटी पॅसिव्हेशन. त्यानंतर पावडर कोटिंग आणि भट्टी. ज्यानं फॉस्फेटिंगमध्ये चालढकल केली त्याच्या पॅनलचा रंग दोन पावसाळ्यांत नखानं सोलून निघतो. त्या मुलाला मी हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "काका, ही युक्ती तुमच्याकडूनच आलीय."

आणि ते खरंच तसं आहे. मायकेल बुओनोकोर हा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे ईस्टमन दंतसंस्थेत काम करणारा संशोधक. धातूवर रंग आणि रेझिन घट्ट धरावं म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक ॲसिड वापरतात हे त्याला माहीत होतं. मग तेच दातावर का करू नये? त्यानं माणसांच्या पुढच्या दातांवर ॲक्रिलिकचे ठिपके लावून पाहिले. नुसत्या दातावरचे ठिपके काही तासांत गळून पडले. अर्धा मिनिट ॲसिड लावलेल्या दातांवरचे हजारावर तास राहिले. १९५५ साली त्यानं हे छापलं. पुढे राफेल बोवेन या संशोधकानं काचेच्या बारीक पुडीनं भरलेलं नवं रेझिन बनवलं आणि १९६२ साली त्याचं पेटंट मिळालं. आज बाँडिंगसाठी जे वापरतात त्याचा पाया हाच.

ॲसिडानं एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं पडतात. पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि आतच घट्ट होतं. म्हणजे ते वरून चिकटलेलं नसतं, आत रुतलेलं असतं. एवढं कळल्यावर माझी चिकटवाचिकटवीची तक्रार तिथेच मिटली.

काम करून घ्यायला मात्र तुर्भ्याच्याच डॉक्टरांकडे गेलो. आधी तिनं रंग ठरवला. सोळा छटांची पट्टी असते; खरे दात वाटावेत असे तुकडे एका रांगेत, ए-वन, ए-टू असे. तिनं मला खिडकीशी नेलं, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो म्हणाली. आणि हे काम सुरू करायच्या आधीच करावं लागतं, कारण तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. मी ए-थ्री निघालो. जरा उजळ लावा असं सुचवून पाहिलं. "एकच दात उजळ करून काय करू काका, बाकीचे चुगली करतील," ती म्हणाली.

भूल लागली नाही. ओठाखाली कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, कारण थुंकीचा एक थेंब लागला तरी सगळं वाया. सिरिंजमधून निळं जेल आलं, तेच फॉस्फोरिक ॲसिड, ३७ टक्क्यांचं. थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्यानं धुतलं, वाळवलं. आरशात पाहिलं तर तेवढा भाग खडूसारखा निस्तेज पांढरा. "हा पांढरेपणा दिसला की ॲसिडानं काम केलं," ती म्हणाली. आम्हीही फॉस्फेटिंगनंतर पत्र्याचा रंग बघूनच पुढे जातो. मग ब्रशनं पातळ बाँड, त्यावर निळा प्रकाश. शेजारच्या दाताला चिकटू नये म्हणून मध्ये पारदर्शक पट्टी. मग पेस्टसारखं रेझिन, एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड नाही, कारण त्याहून खोल प्रकाश पोचत नाही. प्रत्येक थराला सुमारे वीस सेकंद.

त्या दिव्याकडे बघू नका असं तिनं बजावलं आणि नारिंगी काच आड धरली. मला मात्र त्याच्यातच रस. पूर्वी यात हॅलोजनचा बल्ब असायचा, पंख्याचा आवाज करणारा. आता एलईडी. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश, कारण रेझिनमधलं कॅम्फरक्विनोन नावाचं रसायन नेमका तोच शोषतं आणि थर घट्ट व्हायला सुरुवात होते. चांगला निळा एलईडी बनवायला जगाला एवढी वर्षं लागली की तो जमवणाऱ्या तिघा जपानी संशोधकांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही तो पॅनलच्या दारावर तिसऱ्या फेजचा दिवा म्हणून बसवतो, आर-वाय-बी मधला बी. तोंडात घालायच्या लायकीचा आहे हे ठाऊक नव्हतं.

शेवटी रंगीत कागद दातांत धरून "चावा, टकटक करा, आता घासा". जिथे डाग जास्त उमटला तिथे थोडं घासलं. तासाभराच्या आत मी बाहेर. जीभ फिरवून सांधा शोधला, सापडला नाही. 'सासूबाई' म्हणून पाहिलं. शिट्टी नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात घोळत राहिला, आणि त्याचं उत्तर मला माझ्याच टेबलावर मिळालं. आम्ही पॅनलमध्ये फ्यूज टाकतो तो कायमचा टिकावा म्हणून टाकतच नाही. मोटर वाचावी म्हणून तो जातो, आणि गेला की दोन मिनिटांत बदलता येतो. फ्यूजच्या जागी जाड तार लावली तर फ्यूज 'पक्का' होतो. जळते ती मोटर. माझ्या हट्टाची हीच गत होती. कॅप पंधरा वर्षं टिकली असती, कबूल. पण सोळाव्या वर्षी ती निघाली की खाली उरला असता तो घासलेला खुंट. त्यानंतर पुन्हा कॅपच, आणि मध्येच नस दुखावली तर रूट कॅनाल. बाँडिंग निघालं तर खाली माझाच दात, होता तेवढाच्या तेवढा.

एवढं झालं तरी पहिलं मत शाबूत होतं. माझा ओठ कापत होता, म्हणजे मी काही दिसण्यासाठी केलं नाही, अशी स्वतःची समजूत घालून मी मोकळा झालो होतो.

ते मत घालवलं आमच्याकडच्या एका अप्रेंटिसनं. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातला पोरगा, आयटीआय करून आलेला, कामाला वाघ. बोलताना मात्र खाली बघायचा आणि हसताना ओठ मिटून घ्यायचा. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. तंबाखू असणार, असं मी धरूनच चाललो होतो. एकदा त्यावरून सुनावलंही होतं. माझं काम झाल्यावर तो हळूच म्हणाला, "दादा, तुमचा दात कुठं केला? आमच्या गावात समद्यांचेच असे हायत. पाण्यानं होतंय."

पाण्यानंच होतं. किनवट, यवतमाळ, चंद्रपूर या भागांत बोअरच्या पाण्यात खडकांतून फ्लोराइड उतरतं. लीटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पिण्यालायक धरत नाहीत, पण उन्हाळ्यात दुसरं पाणी कुठून आणणार? लहानपणी एनॅमल घडत असताना फ्लोराइड जास्त गेलं की ते नीट घडत नाही, आणि दात येतो तोच डाग घेऊन. डाग वरचा नसतो, आतलाच असतो. कितीही ब्रश करा, निघायचा नाही. पोरानं राखेनंही घासून पाहिलं होतं.

त्याला घेऊन मीच डॉक्टरांकडे गेलो. काम माझ्यासारखं सोपं नव्हतं. फ्लोराइडनं बिघडलेलं एनॅमल ॲसिडाला दाद देत नाही, म्हणून ॲसिड जास्त वेळ ठेवावं लागतं, आणि तरी पकड थोडी कमीच भरते, हे तिनं आधीच सांगितलं. प्रथम वरचा डाग बारीक घासून हलका केला, मग उरलेल्या पट्ट्यांवर पातळ बाँडिंग. पट्टे पूर्ण गेले नाहीत. नीट बघितलं तर सावली दिसते. हप्त्यांनी पैसे दिले पोरानं. चहाच्या टपरीवर तो आता इतरांत मिसळून बसतो. त्याचं श्रेय दाताला द्यायचं की ओळख वाढली त्याला, ते मला ठरवता येत नाही.

पण त्या दाताला दुखत काही नव्हतं, चावायला अडचण नव्हती. म्हणजे माझ्या व्याख्येप्रमाणे ते निव्वळ थेर. मेडिक्लेमवालेही असा खर्च सहसा सौंदर्यासाठीचा म्हणून नाकारतात, आणि इतकी वर्षं मी त्यांच्याच बाजूला उभा होतो. गावच्या पाण्यानं जे तोंडावर छापलं ते पुसायला पोरानं स्वतःच्या पगारातून पैसे काढले, त्याला मी कुठल्या तोंडानं थेर म्हणू?

सगळंच मत बदललं असं मात्र नाही. चांगले, सरळ, निरोगी दहा दात लग्नाच्या फोटोसाठी एका बैठकीत झाकून देणारी 'स्माइल मेकओव्हर'ची पॅकेजं मला अजूनही खटकतात. आणि जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टी आहेत. रेझिनवर डाग पडतो. चहाचा, कॉफीचा, आणि सगळ्यात चिवट म्हणजे हळदीचा. पहिले दोन दिवस हळद टाळा असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. मसाला मार्केटवरून रोज जाणारा तुर्भ्याचा माणूस हळद नाकानं तरी खातोच. दात पांढरे करायचं ब्लीचिंग रेझिनवर चालत नाही, त्यामुळे ते करायचंच असेल तर बाँडिंगच्या आधी. झोपेत दात खाणाऱ्याचं बाँडिंग लवकर तुटतं. आणि मार्केटमधल्या हमालांसारखी ज्यांच्या गालात तंबाखू असते, किंवा माझ्या आईसारखी ज्यांची सकाळ मिश्रीशिवाय उजाडत नाही, त्यांना कुठलाही भला डॉक्टर आधी हिरड्या आणि गालाची आतली बाजू तपासून घ्यायला सांगेल. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. टपऱ्यांकडे बघून तसं वाटत नाही. हिरड्या सैल असताना दातांना रंगरूप देणं म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर पावडर कोटिंग, आणि ते काम मी कुणाला करू देणार नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये आता प्रत्येक बाकावर दोरीनं बांधलेला स्ट्रिपर आहे. वायर दातात धरलेली दिसली की मी ओरडतो. पोरं माझ्याच दाताकडे बघून गालातल्या गालात हसतात, हसू देत.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या चांगल्या दाताला कुणी कॅप सुचवली तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. दोन प्रश्न विचारा: माझा दात किती घासावा लागेल, आणि बाँडिंगनं का भागणार नाही? दात फारच मोडला असेल, रूट कॅनाल झालेला असेल, तर कॅपच योग्य असू शकते आणि डॉक्टर तसं कारणासकट सांगतील. कारण सांगितलं नाही तर नेरूळची गाडी पकडा.